नावांचं पान

नावांचं पान आलं की मुद्रितशोधकाच्या पोटात गोळा येतो. मजकुरात चूक राहिली तर आजूबाजूचे शब्द सांभाळून घेतात. 'पाणी'चं 'पणी' छापलं गेलं तरी वाचणारा मनातल्या मनात काना देऊन पुढे जातो. नावाला असा शेजार नसतो. 'पाटील'चं 'पटेल' झालं की ते चुकलेलं नाव राहत नाही, एक वेगळाच माणूस होतो.

२००५ च्या आसपास मी एका संदर्भ-वार्षिकीची मुद्रितं तपासायचे. जाडजूड पुस्तक, दरवर्षी निघायचं. त्याच्या अगदी शेवटी, जिथवर कुणी वाचक पोचत असेल असं मला वाटत नाही, संसदेच्या खातेनिहाय स्थायी समित्यांच्या, म्हणजे सरकारच्या एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या समित्यांच्या, याद्या असत. नुकतीच त्या समित्यांची फेररचना झाली होती. आधी १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. म्हणजे ७४४ नावं. आणि मुदत एकाच वर्षाची, त्यामुळे मागच्या वर्षीचं पान उचलून लावावं तर तेही नाही. एक जण मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचायचा, मी मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. तामिळ आद्याक्षरं, मिझो नावं, बंगाली जोडाक्षरं. तासाभरानं वाचणाऱ्याचा घसा बसायचा आणि माझे डोळे.

आमचे संपादक जुने वार्ताहर होते, बरीच वर्षं दिल्लीत काढलेले. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, ही नावं कोण वाचतं?"

"मी वाचतो," ते म्हणाले. "अगं, समितीचा अहवाल लोक शेवटून वाचतात, शिफारशी काय केल्यात ते बघायला. तू नावांपासून वाच. नावं कळली की निम्म्या शिफारशी कळतात."

मला वाटलं, कामाला लावायची ही त्यांची रीत. पण त्यानंतर मी नावांकडे नुसती अक्षरं म्हणून बघू शकले नाही. पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या तारका. यादीत एखाद्या नावावर तारका, आणि पानाच्या तळाशी बारीक टायपात: अमुक यांच्या जागी, तमुक तारखेपासून नामनिर्देशित. कुठे दोन तारका: मंत्रिपदी नियुक्ती झाल्याने सदस्यत्व संपुष्टात. मंत्र्याला या समित्यांवर बसता येत नाही, कारण समितीनं ज्या खात्याकडे बघायचं ते खातं मंत्र्याचं. नियम रास्तच आहे. पण त्या तळटीपा वाचताना सत्ताधारी बाजूच्या सदस्याची अडचण मला कळली. आज ज्याला प्रश्न विचारायचे, उद्या त्याच्या शेजारच्या खुर्चीत जायची आस. आणि ती खुर्ची कोण देणार, तर ज्यांनी समितीसाठी आपलं नाव पाठवलं तेच. अशा माणसानं किती खोचक प्रश्न विचारावेत?

आकड्यांतून आणखी एक गोष्ट उलगडली. तेव्हा दोन्ही सभागृहं मिळून ७९० सदस्य. मंत्री वगळले तर उरतात सातशेच्या घरात. आणि जागा ७४४. म्हणजे या समित्यांपुरता 'कुणाला घ्यायचं' हा प्रश्नच नाही. बिनमंत्री सदस्याला एक जागा मिळतेच मिळते. खरा प्रश्न 'कुणाला कुठे' हा. अर्थ, गृह, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार या समित्यांकडे सगळ्यांचे डोळे, आणि चोविसांपैकी काही अशा की तिथे पाठवलं तर माणूस निमूट जातो. लग्नाच्या पंगतीत पान सगळ्यांनाच मिळतं. यजमानांच्या रांगेत की मांडवाच्या टोकाला, यावरून रुसवे होतात.

तर ही पानं मांडतं कोण?

नियमांच्या पुस्तकात उत्तर सोपं आहे. लोकसभेच्या सदस्यांना लोकसभाध्यक्ष नामनिर्देशित करतात, राज्यसभेच्या सदस्यांना सभापती. पुस्तक मिटलं की दुसरं उत्तर सुरू होतं. सभागृहात ज्या पक्षाचं जेवढं बळ, तेवढ्या जागा त्याच्या वाट्याला. त्या जागांसाठीची नावं पक्ष पाठवतो. सदस्यांच्या पसंत्या विचारल्या जातात, त्या कुणीतरी गोळा करतं, कुणाची पहिली पसंती ऐकायची आणि कुणाला तिसऱ्यावर भागवायचं हे कुणीतरी ठरवतं. हे कुणीतरी म्हणजे पक्षाचा नेता आणि त्याचा प्रतोद, सभागृहात सदस्यांपर्यंत पक्षाचा आदेश पोचवणारा आणि तो पाळून घेणारा. पीठासीन अधिकाऱ्यांकडे पोचते ती बहुतांशी तयार यादी. सही त्यांची, हस्ताक्षर दुसऱ्याचं.

यात वावगं काय, असं मी त्या वेळी म्हटलं असतं. सभागृहात पक्षाच्या नावावर निवडून आलेली माणसं. त्यांना कुठे बसवायचं हे पक्षानं ठरवलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं कुठे हे समजायला समितीची खोली समजून घ्यावी लागते. समितीची बैठक बंद दाराआड होते. कॅमेरा नाही, प्रेक्षागृह नाही, त्यामुळे कुणाला दाखवण्यासाठी ओरडायचं कारण नाही. सचिव समोर बसलेले, फायली उघड्या, प्रश्न बारीक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा तिथे पोचत नाही. तो कायदा सभागृहातल्या मतदानाचा आहे. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध हात वर केला तर सदस्यत्व जाऊ शकतं. समितीत स्वतःच्या पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिलं तर जात नाही. आपल्या संसदेत खासदाराला स्वतःच्या डोक्यानं बोलता येईल अशी जी थोडी जागा उरली आहे, तिचा मोठा भाग या खोल्यांमध्ये आहे.

आणि म्हणूनच यादीला एवढी किंमत. आत गेल्यावर हात धरता येत नाही, म्हणून कुठले हात आत जाणार हे आधी बघून घ्यायचं. प्रतोदाचं काम समितीत मतदानाच्या वेळी होत नाही. ते नावं लिहिण्याच्या वेळी होऊन गेलेलं असतं. शिवाय मुदत एक वर्षाची. वर्षभर कुणी फार अडचणीचं वागलं तर त्याला काढावं लागत नाही. पुढच्या यादीत त्याचं नाव दुसऱ्या समितीत सापडतं. माझ्या मुद्रितांत अशा बदल्या असणारच, पण त्यांना तळटीप नव्हती.

हे आपल्याकडचंच दुखणं असेल अशी माझी समजूत होती. पुढे वाचत गेले तशी ती गळून पडली. ज्यांच्याकडून आपण संसदेचं बरंचसं वळण उचललं त्या ब्रिटनमध्ये २००१ साली, निवडणुकीनंतर, परिवहन समितीच्या ग्वेनेथ डनवुडी आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे डोनाल्ड अँडरसन यांची नावं नव्या यादीतून गळली. दोघं सत्ताधारी मजूर पक्षाचे, दोघंही समितीचे अध्यक्ष राहिलेले आणि दोघंही स्वतःच्या सरकारला अवघड प्रश्न विचारणारे. एरवी अशी यादी सभागृहापुढे येते आणि कुणाचं लक्ष नसताना मंजूर होते. त्या जुलैत मात्र सभागृहानं ती चक्क फेटाळली. सत्ताधारी बाकांवरच्या सदस्यांनीच पाडली आणि दोघं परत आले. मुद्रितशोधकाला हे ऐकून काय आनंद होतो सांगू! नावांचं पान पहिल्यांदाच कुणीतरी नीट वाचलं होतं.

पण एकदा यादी पाडणं वेगळं आणि यादी लिहिणारा हात बदलणं वेगळं. तो बदलायला आणखी नऊ वर्षं आणि एक लाजिरवाणा घोटाळा लागला. २००९ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली, सभागृहाची अब्रू गेली, आणि अब्रू गेल्यावर माणूस ज्या सुधारणा पटकन मान्य करतो त्यांतली एक ही होती. टोनी राइट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सुचवलं आणि २०१० पासून तिथे बहुतेक खातेनिहाय समित्यांचे अध्यक्ष सगळं सभागृह गुप्त मतदानानं निवडतं. कुठलं अध्यक्षपद कुठल्या पक्षाकडे हे आधी बळानुसार ठरतं. त्या पक्षातला कोण, हे सगळे मिळून ठरवतात. बाकीचे सदस्य त्या त्या पक्षाच्या खासदारांनी आपल्यात मतदान करून निवडायचे. गंमत अशी की सत्ताधारी पक्षाचा उमेदवार विरोधकांच्या मतांवर अध्यक्ष होऊ शकतो. त्यामुळे उभं राहणाऱ्याला दोन्ही बाकांवर तोंड दाखवायला लागतं.

याचा परिणाम एका बाईंच्या गोष्टीतून दिसतो. सारा वोलस्टन, पेशानं डॉक्टर, २०१० मध्ये हुजूर पक्षातर्फे निवडून आल्या. दुसऱ्याच वर्षी आरोग्यसेवेची मोठी फेररचना करणारं विधेयक आलं. ते तपासणाऱ्या समितीवर त्यांना जायचं होतं, नाही घेतलं. विधेयकांच्या समित्यांना नवी पद्धत लागू नव्हती, तिथे जुना हातच लिहीत होता, आणि या डॉक्टरीणबाई दुरुस्त्या सुचवणार हे उघड होतं. २०१४ मध्ये आरोग्य समितीचं अध्यक्षपद रिकामं झालं. ते मतदानानं भरायचं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. माणूस तोच, विषय तोच, पक्षही तोच. एका यादीत बसला नाही, दुसऱ्या यादीत पहिल्या ओळीवर.

डॉक्टरला आरोग्य समितीवर घ्यावं की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही, हेही कबूल केलं पाहिजे. जाणकार हवा म्हणताना आपण हळूच विसरतो की जाणकाराचे हितसंबंधही असतात. शाळा चालवणारा शिक्षण समितीवर, कारखानदार उद्योगाच्या समितीवर: दोघांना विषयातली खाचखळगी ठाऊक, आणि त्यांतली काही त्यांनीच खणलेली असू शकतात. लोकसभेच्या नियमांत याला एक उत्तर आहे. एखाद्या सदस्याचा समितीपुढच्या बाबीत व्यक्तिगत, आर्थिक किंवा थेट स्वरूपाचा निकटचा हितसंबंध असेल तर त्याच्या समावेशाला हरकत घेता येते आणि निर्णय लोकसभाध्यक्ष देतात. शेती करणारा कृषी समितीवर बसला तर तो हितसंबंध नव्हे. त्याच्याच कंपनीचं प्रकरण चर्चेला आलं तर तो नक्की. या दोन टोकांमध्ये केवढा तरी पट्टा पसरलेला आहे आणि तो माणसाच्या लाजेवर सोडलेला आहे. माझं मत विचाराल तर अजाण प्रामाणिकापेक्षा हितसंबंध उघड सांगणारा जाणकार मला चालेल. पण 'उघड सांगणारा' या दोन शब्दांवर सगळा भार.

याच नियमांमध्ये एक कलम मला फार आवडतं. इच्छा नसलेल्या सदस्याची समितीवर नेमणूक करू नये; ज्यानं नाव सुचवायचं त्यानं आधी त्याला विचारून घ्यावं. किती सभ्य! नाही म्हणण्याचा हक्क दिला आहे. हो म्हणण्याचा मात्र कुठेही नाही.

नाही म्हणून दाखवलेल्या एका बाईंची गोष्ट अमेरिकेतली. शर्ली चिशम १९६८ मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या. तिथे पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मतदारसंघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला, म्हणजे इमारती, भाडेकरू, बेकारी, बालवाड्या. आणि पक्षानं त्यांना दिली कृषी समिती, त्यातही वनं आणि ग्रामीण वस्त्यांची उपसमिती. नव्या सदस्यानं मिळेल ते गुमान घ्यायचं अशी तिथली रीत. वरिष्ठांनी सबुरीचा सल्ला दिला. बाईंनी पक्षाच्या बैठकीतच उभं राहून हरकत घेतली आणि बदल मिळवला. मिळालं काय, तर माजी सैनिकांची समिती. तीही त्यांच्या पसंतीची नव्हे. पण आपल्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक जास्त आहेत, अशा आशयाचं त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. हे वाचल्यापासून मी कुठल्याही समितीची यादी बघताना एक खेळ खेळते. नावापुढचा मतदारसंघ बघायचा, समितीचं नाव बघायचं आणि झाडं मोजायची.

त्याच अमेरिकेत एके काळी यादी एकट्या माणसाच्या खिशात असायची. जोसेफ कॅनन नावाचे सभापती १९०३ पासून प्रतिनिधीगृहावर असे बसले होते की कुठल्या समितीवर कोण, अध्यक्ष कोण, हे तेच ठरवत. आणि कामकाज ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. मार्च १९१० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काहींनी विरोधकांशी हातमिळवणी करून बंड केलं आणि त्यांना नियम समितीतून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी नेमणुकांचा अधिकारही गेला. पुढे काय झालं ते अधिक शिकवणारं आहे. एका माणसाची लहर नको म्हणून ज्येष्ठतेला मान आला. समितीवर जो सर्वांत जास्त काळ टिकला तो अध्यक्ष. हुकूमशहा गेला आणि त्याच्या जागी कॅलेंडर आलं. सुरक्षित मतदारसंघातून पुन्हा पुन्हा निवडून येणारे वृद्ध अध्यक्षपदांवर साठत गेले. १९७५ साली नव्या दमाच्या सदस्यांनी एका झटक्यात तीन अध्यक्ष उतरवले, तेव्हा कुठे कॅलेंडरची सद्दी ओसरू लागली.

माणसाचा हात नको, कॅलेंडरही नको, तर उरतं गणित. जर्मन लोकांनी ते केलं आहे. त्यांच्या संसदेत, बुंडेस्टागमध्ये, समितीतल्या जागा पक्षगटांच्या बळानुसार सूत्रानं वाटतात. सूत्रही ते अधूनमधून बदलत आले; आताचं १९८० पासूनचं. कुणाला किती हे गणित सांगतं, कोण हे पुन्हा पक्षगटच सांगतो. आणि ज्याला पक्षगटच नाही त्याचं काय? थॉमस व्युपेझाल नावाचे सदस्य ग्रीन पक्षाच्या यादीतून निवडून आले, मग पक्ष सोडला, आणि गणितात त्यांना जागाच उरली नाही. ते घटनात्मक न्यायालयात गेले. १९८९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की अपक्ष झालेल्या सदस्यालाही किमान एका समितीवर बसण्याचा, बोलण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क आहे. मतदानाचा नाही. कारण छोट्या समितीत एका माणसाचं एक मत त्याच्या सभागृहातल्या वजनापेक्षा जड होईल. तर्क बिनतोड. तरी मला त्या माणसाचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही: सगळं ऐकायचं, सगळं बोलायचं आणि मतदानाची वेळ आली की हात मांडीवर.

आपल्याकडे गणिताचा सर्वांत सुंदर नमुना लोकलेखा समितीत आहे. सरकारनं पैसा कसा खर्चला हे महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे तपासणारी ही समिती १९२१ पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याहूनही थोरली. २२ सदस्य, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. इथे नेमणूक नाही, दरवर्षी निवडणूक होते, आणि तीही एकल संक्रमणीय मतानं. नाव भीतिदायक आहे, पण आतला विचार साधा: मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि एकाला गरजेहून जास्त झालेली मतं पुढच्या पसंतीकडे जातात. साध्या बहुमतानं निवडायचं तर २७२ जण मिळून पंधराच्या पंधरा जागा खिशात घालतील. संक्रमणीय मतात ५४३ मतदार आणि १५ जागा असल्या तर सुमारे ३४ सदस्यांचा गट स्वतःच्या बळावर आपला एक माणूस निवडून आणू शकतो, बहुमताला आवडो न आवडो. ही रचना मला समजली त्या दिवशी मी ती कागदावर तीनदा करून पाहिली, इतकी आवडली.

आणि प्रत्यक्षात? पक्षांचं आधीच बोलणं होतं, जागांइतकेच अर्ज येतात आणि निवडणूक बहुधा बिनविरोध होते. मतपेटीची यंत्रणा तेल घालून ठेवलेली, गाडी मात्र ढकलत न्यायची.

तरीही गणिताचा धाक कामी येतो, हे मान्य करायला हवं. ३४ जणांना डावलता येत नाही हे ठाऊक असतं म्हणूनच आधीचं बोलणं नीट होतं. या समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षातला असावा, हा संकेत १९६७ पासूनचा. पहिले मिनू मसानी. संकेतच, नियमात तसं नाही. अध्यक्ष विरोधकांचा आणि बहुमत सत्ताधाऱ्यांचं अशी ही जुगलबंदी. ती कशी रंगते हे एप्रिल २०११ मध्ये दिसलं. मुरली मनोहर जोशी अध्यक्ष, विषय टूजी स्पेक्ट्रमचा, मसुदा सरकारला झोंबणारा. बैठकीत गदारोळ झाला आणि तेव्हा समितीत असलेल्या २१ पैकी ११ सदस्यांनी मसुदाच नाकारला. अकरा विरुद्ध दहा. समितीत कोण बसणार हे ठरलं त्या दिवशी यातलं एक नाव इकडचं तिकडे असतं तर? माझ्या संपादकांचं वाक्य तेव्हा आठवलं. ते मात्र ऐकायला राहिले नव्हते.

संकेत म्हणजे उसनं छत्र. ज्यानं दिलं त्यानं परत मागितलं की भिजायचं. स्थायी समित्यांची अध्यक्षपदं पक्षांना बळानुसार मिळावीत, काही महत्त्वाची विरोधकांकडे असावीत, हाही संकेतच. ऑक्टोबर २०२२ च्या फेररचनेत गृह आणि माहिती तंत्रज्ञान या दोन्ही समित्यांचं अध्यक्षपद काँग्रेसकडून गेलं. माहिती तंत्रज्ञान समितीत शशी थरूर यांच्या जागी बुलढाण्याचे प्रतापराव जाधव आले. संसदेतल्या तेव्हाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला, तृणमूल काँग्रेसला, एकही अध्यक्षपद मिळालं नाही. नियम एकही मोडला नव्हता. मोडायला नियमच नव्हता.

संकेत धुडकावल्याची याहून विनोदी गोष्ट पुन्हा ब्रिटनची, आणि ती उलट्या दिशेची. गुप्तचर यंत्रणांवर देखरेख करणारी नऊ जणांची समिती. तिचे सदस्य पंतप्रधान सुचवतात, अध्यक्ष मात्र सदस्य आपल्यातून निवडतात. जुलै २०२० मध्ये सत्ताधाऱ्यांचे पाच, विरोधकांचे चार. सरकारच्या मनात अध्यक्ष म्हणून ख्रिस ग्रेलिंग. गणित चोख. बैठक झाली आणि पाचांतलेच एक, ज्युलियन लुईस, विरोधकांच्या चार मतांसह स्वतःच अध्यक्ष झाले. त्याच दिवशी पक्षानं त्यांना संसदीय पक्षातून काढलं, डिसेंबरात परत घेतलं. अध्यक्ष ते राहिले ते राहिलेच. यादी लिहिणाऱ्यानं नऊ नावं निवडून लिहिली होती. त्यातल्या एकाचं अक्षर त्याला लागलं नाही.

जागा देण्याघेण्याची आपल्याकडची एक गोष्ट मात्र मी निराळ्या कप्प्यात ठेवली आहे. मनमोहन सिंग पंतप्रधानपद गेल्यानंतर अर्थविषयक समितीवर होते. २०१९ मध्ये त्यांची राज्यसभेची मुदत संपली आणि दोन महिन्यांनी ते राजस्थानातून परत आले, तोवर खंड पडला होता. सप्टेंबरात समित्या झाल्या तेव्हा अर्थ समितीवरची पक्षाची जागा दिग्विजय सिंह यांच्याकडे गेली होती. नोव्हेंबरात त्यांनी ती सोडली आणि मनमोहन सिंग तिथे नामनिर्देशित झाले. दिग्विजय सिंह नगरविकासाच्या समितीवर गेले. पक्षानंच जुळवलं असणार, त्यात हळवं होण्यासारखं काही नाही. पण वार्षिकीतल्या भाषेत याची तळटीप कशी दिसली असती हे मला डोळ्यांपुढे येतं: अमुक यांच्या जागी, तमुक तारखेपासून. दहा वर्षं देश चालवलेला माणूस एका बारीक टायपातल्या तारकेत.

नावांची यादी उशिरा येते, हीही एक युक्ती असू शकते. २०२४ च्या निवडणुकीचे निकाल ४ जूनला लागले, समित्या झाल्या सप्टेंबर अखेरीस. तोवर एखादं विधेयक तपासायला समितीकडे पाठवायचं म्हटलं तरी घ्यायला दारात कुणी नाही. आणि समित्या झाल्या तरी पाठवायचं की नाही हे सरकारच्या मनावर. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. एवढी मारामार करून मिळवलेली जागा, आणि पुढ्यात ताट नाही. पण तो वेगळा लेख होईल.

वार्षिकी पुढे बंद पडली. या याद्या आता संसदेच्या संकेतस्थळावर असतात, बदल झाला की लगेच बदलतात, आणि आधी तिथे कोण होतं हे सहज कळत नाही. माझ्याकडे त्या काळातलं एक मुद्रित उरलं आहे, का ठेवलं आठवत नाही. कुठल्याशा समितीची यादी, तीस नावं, आणि एकतिसाव्या ओळीवर एकच शब्द: रिक्त. त्यापुढे आमच्या अक्षरजुळाऱ्यानं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून मला विचारलं आहे, "ताई, यांचं आडनाव राहिलं का?"